ड्रोनचा पल्ला : ताकदीपेक्षा अँटेना मोठी

तेर (जि. धाराशिव), प्रतिनिधी : तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन काळचे ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरील व्यापारी शहर म्हणून त्याचा उल्लेख आढळतो. गावाभोवतीची पांढरीची टेकाडे, त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर, संत गोरोबाकाकांची समाधी आणि नदीचे वळण हे सारे एका दृष्टिक्षेपात पाहायचे, तर कॅमेरा आकाशात न्यावा लागतो. हौशी ड्रोनमुळे हे काम आता सामान्य तरुणाच्या आवाक्यात आले आहे. मात्र नदी ओलांडून ड्रोन पलीकडच्या उसावर गेला, की पडद्यावरील चित्र फाटू लागते आणि क्षणभर हातातील नियंत्रणही सुटल्यासारखे वाटते. अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, तो अधिक ताकदीचा ट्रान्समीटर विकत घेण्याचा. हा विचार खर्चिक आहे आणि बहुतांश वेळा चुकीचाही.

ड्रोनचा पल्ला हा केवळ हौशी मंडळींच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, जालना, धाराशिव आदी जिल्ह्यांतील गावांत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. अनेक ठिकाणी ग्रामस्थांनी जागता पहारा दिला आणि हा विषय विधिमंडळापर्यंत पोहोचला. ड्रोन कोठून उडविला जात असेल, तो उडविणारा किती अंतरावर असू शकतो, हे प्रश्न त्या वेळी घरोघरी विचारले गेले. ड्रोन आणि जमीन यांच्यातील संदेशवहन कसे चालते, हे समजून घेतल्यास हौशी चालकाचे पैसे वाचतात आणि इतरांची अनाठायी भीतीही कमी होते.

दुवे दोन, स्वभाव वेगळे

ड्रोन उडविताना एकाच वेळी दोन रेडिओ दुवे चालू असतात. पहिला दुवा नियंत्रणाचा. चालकाच्या हातातील रिमोटकडून ‘वर जा, डावीकडे वळ’ असे आदेश ड्रोनकडे जातात. दुसरा दुवा चित्राचा. ड्रोनवरील कॅमेऱ्याचे दृश्य जमिनीवरील पडद्याकडे किंवा चालकाच्या डोळ्यांवरील गॉगलकडे येते.

आदेशांमध्ये माहिती अत्यल्प असते, त्यामुळे त्यांना रेडिओ पट्ट्यात फार थोडी जागा पुरते. हौशी जगतात लोकप्रिय असलेल्या ‘एक्सप्रेसएलआरएस’ या मुक्त प्रणालीत २.४ गिगाहर्ट्‌झवरील नियंत्रण संदेश सामान्यतः एक मेगाहर्ट्‌झहूनही कमी रुंदीत मावतो. चित्राचे तसे नाही. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग चित्राला सुमारे वीस मेगाहर्ट्‌झ रुंदी लागते. रिसीव्हरने दार जितके रुंद उघडावे, तितका आसपासचा रेडिओ गोंगाटही आत शिरतो. म्हणूनच योग्य जुळणी केलेल्या ड्रोनमध्ये चित्र आधी जाते आणि नियंत्रण बऱ्याच अंतरापर्यंत टिकून राहते. ज्याचे नियंत्रण चित्राच्या आधी तुटते, त्या ड्रोनच्या जुळणीत दोष आहे, असे समजण्यास हरकत नाही.

दुवा तुटण्याची रीतही वेगवेगळी असते. अ‍ॅनालॉग चित्रात हळूहळू मुंग्या येऊ लागतात, त्यामुळे परत फिरण्याची सूचना आपोआप मिळते. डिजिटल चित्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ दिसते आणि मग एकाएकी गोठते. डिजिटल प्रणाली वापरणाऱ्याने पडद्यावरील आकड्यांकडे लक्ष ठेवणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.

चौपट ताकद, दुप्पट अंतर

दिव्याचा प्रकाश जसा अंतराबरोबर विखुरतो, तशाच रेडिओ लहरीही विखुरतात. अंतर दुप्पट झाले, की पोहोचणारी ताकद एकचतुर्थांश उरते. अर्थात मोकळ्या आकाशात पल्ला दुप्पट करायचा असेल, तर ट्रान्समीटरची ताकद चौपट करावी लागते. २५ मिलिवॅटच्या ट्रान्समीटरने एखादा ड्रोन पाचशे मीटरपर्यंत चित्र देत असेल, तर एक किलोमीटरसाठी १०० मिलिवॅट, दोन किलोमीटरसाठी ४०० मिलिवॅट आणि चार किलोमीटरसाठी १६०० मिलिवॅट लागतील. दरम्यान ट्रान्समीटर तापतो, बॅटरी लवकर संपते आणि शेजारी उडणाऱ्या दुसऱ्याच्या चित्रात व्यत्यय येतो.

रेडिओ अभियंते हा हिशेब डेसिबलमध्ये मांडतात. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद आणि सहा डेसिबल म्हणजे चौपट. सहा डेसिबल मिळाले, की पल्ला दुप्पट होतो. हे सहा डेसिबल ट्रान्समीटरमधूनच आले पाहिजेत, असे कोठेही नाही. चांगली अँटेना, योग्य जागा आणि कमी गोंगाट यांतूनही ते मिळतात, आणि त्यासाठी बॅटरीचा एक थेंबही खर्च होत नाही.

लहर जितकी लांब, पल्ला तितका मोठा

हौशी ड्रोनमध्ये प्रामुख्याने तीन पट्टे वापरले जातात. चित्रासाठी ५.८ गिगाहर्ट्‌झ, नियंत्रणासाठी २.४ गिगाहर्ट्‌झ आणि लांब पल्ल्याच्या नियंत्रणासाठी ८६६ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा. ५.८ च्या लहरीची लांबी सुमारे पाच सेंटिमीटर, २.४ ची साडेबारा सेंटिमीटर, तर ८६६ ची जवळपास पस्तीस सेंटिमीटर भरते. त्याच प्रकारच्या अँटेना वापरल्यास लांब लहरीचा पल्ला अधिक असतो. ताकद आणि रिसीव्हरची संवेदनक्षमता सारखी धरली, तर २.४ चा पल्ला ५.८ च्या सुमारे अडीच पट येतो. झाडाचा पाला, उसाचे पाचट अशा अडथळ्यांतूनही लांब लहर अधिक सुलभतेने पार होते.

यावर काही जण कोणताही पट्टा मनाला येईल तसा वापरण्याचा मार्ग काढतात. तो बेकायदेशीर आहे. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त असून, ट्रान्समीटरची ताकद एक वॅट आणि अँटेनाचा लाभ धरून चार वॅट ही मर्यादा आहे. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यासाठी २०१८ च्या अधिसूचनेने अँटेनासह चार वॅटची मर्यादा घालून दिली. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २०२१ च्या नियमांनी अल्प पल्ल्याच्या उपकरणांसाठी खुला आहे, मात्र त्यात पट्ट्याच्या रुंदीबाबतही अटी आहेत. अमेरिकेत चालणारा ९१५ मेगाहर्ट्‌झचा संच येथे लावू नये. त्या परिसरात आपल्याकडे मोबाइल सेवा चालते. परदेशी बनावटीचा संच सुरू करताना मेनूमध्ये देश निवडण्याचा पर्याय असतो, तो प्रथम तपासून घ्यावा. उपकरणाला केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता आहे की नाही, हेही खरेदीपूर्वी विचारावे.

अँटेनाचे शास्त्र

पल्ला वाढविण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय अँटेनात आहे. साधी दांडीसारखी अँटेना आपल्या चहूबाजूंनी लहरी फेकते. परंतु टोकाच्या दिशेने जवळपास काहीच जात नाही. रिमोटची अँटेना बंदुकीच्या नळीसारखी ड्रोनकडे रोखून धरण्याची सवय अनेकांना असते. प्रत्यक्षात तसे केल्याने ड्रोन नेमका दुर्बळ दिशेत सापडतो. अँटेनाची कड ड्रोनकडे असावी, टोक नव्हे.

दुसरी बाब ध्रुवीकरणाची. लहर उभी डोलते की आडवी, की फिरकीसारखी गोल फिरत जाते, याला ध्रुवीकरण म्हणतात. दोन्ही बाजूंच्या अँटेना सारख्याच पद्धतीच्या असाव्या लागतात. एक उभी आणि एक आडवी असल्यास पल्ला एकदम घटतो. ड्रोन वळताना कलतो, त्यामुळे चित्रासाठी गोल फिरणाऱ्या लहरींच्या अँटेना पसंत केल्या जातात. यांतही उजवी फिरकी आणि डावी फिरकी असे दोन प्रकार आहेत. ड्रोनवर उजवी आणि गॉगलवर डावी बसविली, तर ताकद शंभरपट कमी होण्याइतका फटका बसू शकतो. एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला साधी सरळ अँटेना असल्यास तीन डेसिबल, म्हणजे निम्मी ताकद वाया जाते. गोल लहरीचा आणखी एक फायदा असा, की भिंतीवरून वा पाण्यावरून परावर्तित होताना तिची फिरकी उलटते आणि रिसीव्हर अशा भरकटलेल्या लहरींना बऱ्याच अंशी बाजूला सारतो.

तिसरी बाब दिशेची. चपट्या पाटीसारखी ‘पॅच’ अँटेना सर्व बाजूंची ताकद एका बाजूला गोळा करते. साध्या अँटेनाचा लाभ दोन डेसिबल धरला आणि पॅचचा आठ, तर हाती येणारे सहा डेसिबल पल्ला दुप्पट करतात. ही अँटेना जमिनीवरील चित्र रिसीव्हरला लावली, तर कायद्याच्या ताकद मर्यादेचा प्रश्नही येत नाही. मर्यादा प्रक्षेपणावर आहे, ग्रहणावर नाही. नियंत्रणाच्या ट्रान्समीटरला मात्र अशी अँटेना लावताना तिचा लाभ चार वॅटच्या हिशेबात धरावा लागतो. पॅचच्या पाठीमागे ड्रोन गेला, तर चित्र जाते. यासाठी दोन अँटेनांचा रिसीव्हर वापरतात. एक पॅच समोरच्या दिशेला आणि एक साधी चहूबाजूंसाठी. ज्या अँटेनावर चित्र चांगले येते, ती रिसीव्हर स्वतः निवडतो.

ड्रोनवरील अँटेनाची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. ड्रोनचा सांगाडा बहुधा कार्बन फायबरचा असतो आणि हा पदार्थ रेडिओ लहरी अडवतो. अँटेना सांगाड्याला चिकटलेली किंवा बॅटरीच्या आड असल्यास ड्रोन वळताच दुवा तुटतो. ती मोकळ्या जागेत, सांगाड्यापासून दूर आणि शक्य तो उभी असावी. जोडणीच्या खिळीतही फसगत होते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रकारच्या खिळी बाजारात मिळतात. चुकीची जोडी बसविल्यास आटे घट्ट बसतात, पण मधली पिन जुळत नाही आणि अँटेना असूनही नसल्यासारखीच राहते. अँटेना न जोडता ट्रान्समीटर सुरू केल्यास बाहेर न पडलेली ताकद परत फिरून तो निकामी करू शकते.

ऊस, नदी आणि टेकाड

रेडिओ लहरींना केवळ सरळ रेषेतील दृष्टी पुरत नाही. त्या रेषेभोवती एक लंबगोल जागाही मोकळी असावी लागते. एक किलोमीटर अंतरावर मध्यभागी या जागेची त्रिज्या ५.८ साठी साडेतीन मीटरहून थोडी अधिक, २.४ साठी साडेपाच मीटर, तर ८६६ साठी नऊ मीटरहून जास्त भरते. तेरच्या परिसरात तोडणीला आलेला ऊस दहा-बारा फूट उंच उभा असतो. चालक बांधावर उभा, ड्रोन दोन किलोमीटरवर तीस मीटर उंचीवर, असे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर लहरीची वाट जमिनीपासून एक अंशाहूनही कमी वर जाते. वाटेत पाण्याने भरलेली उसाची पाने आली, की ५.८ ची लहर तेथेच शोषली जाते. एरवी ढाब्यावरून स्वच्छ दिसणारे चित्र श्रावणात का फाटते, याचे उत्तर वाढलेल्या पिकात आणि ओल्या पाल्यात सापडते.

यावर उपाय साधा आहे. जमिनीवरील अँटेना कॅमेऱ्याच्या तिपाईवर किंवा बांबूवर चढवून दोन-तीन मीटर उंच करावी, घराच्या गच्चीवरून उडवावे आणि ड्रोन दूर जाताना त्याची उंचीही वाढवावी. अँटेना उंच नेताना लांबच लांब बारीक केबल मात्र वापरू नये. ५.८ वर अशी केबल मिळविलेला लाभ स्वतःच गिळून टाकते. केबल लांबविण्यापेक्षा रिसीव्हरच वर बसवावा. मोबाइल टॉवर, वायफायचे राउटर आणि विजेचे रोहित्र यांच्या शेजारी उभे राहू नये. गावातून बाहेर दोनशे मीटर गेल्यानेही गोंगाटात फरक पडलेला दिसून येतो.

नियंत्रणाच्या दुव्यात आणखी एक मोफत सुधारणा करता येते. संदेश सेकंदाला किती वेळा पाठवायचे, हे ठरविता येते. शर्यतीच्या ड्रोनला सेकंदाला ५०० संदेश लागतात. शेतावर संथ चित्रीकरण करणाऱ्याला ५० पुरेसे होतात. एक्सप्रेसएलआरएसच्या २.४ गिगाहर्ट्‌झ प्रणालीत ५०० संदेशांवर रिसीव्हरची संवेदनक्षमता उणे १०५, तर ५० वर उणे ११५ इतकी धरली जाते. हा दहा डेसिबलचा फरक पल्ला तिप्पट करतो. डिजिटल चित्रातही माहितीचा वेग कमी केल्यास चित्र थोडे मऊ होते, पण दूरवर टिकते.

खरी मर्यादा बॅटरीची

तयार ड्रोनच्या जाहिरातीतील पल्ल्याचे आकडे सावधगिरीने वाचावे लागतात. डीजेआय या चिनी कंपनीच्या ‘मिनी ४ प्रो’ या ड्रोनचा पल्ला अमेरिकी नियमांखाली २० किलोमीटर, तर युरोपीय नियमांखाली १० किलोमीटर सांगितला जातो. यंत्र तेच, पण युरोपात परवानगी असलेली ताकद कमी. हे आकडे अडथळा व गोंगाट नसलेल्या मोकळ्या जागेचे आहेत. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की नेहमीच्या बॅटरीवर हा ड्रोन एकूण १८ किलोमीटरच उडू शकतो. जाणे आणि येणे धरले, तर नऊ किलोमीटरच्या आतच परत फिरावे लागेल, आणि समोरून वारा असेल, तर त्याहून कितीतरी आधी. घरी जुळविलेल्या लहान शर्यती ड्रोनची बॅटरी तर चार ते आठ मिनिटांत संपते. रात्री गावावर दिव्याचा ठिपका फिरताना दिसला, तर तो उडविणारा शेकडो किलोमीटरवर बसलेला असण्याची शक्यता हौशी ड्रोनच्या बाबतीत नाही. तो जवळपासच्या परिसरातच असतो.

उडण्याआधी थापटून पाहा

गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्याने कच्चे-पक्के मडके पारखले, ही कथा तेरमध्ये लहान मुलालाही ठाऊक असते. ड्रोनचीही अशीच पारख जमिनीवर व्हायला हवी. पंख काढून ड्रोन सुरू करावा आणि रिमोट बंद करून पाहावे. संदेश तुटल्यावर ड्रोन काय करतो, हे त्यातून कळते. काही जुळण्यांत मोटारी तत्काळ बंद होऊन ड्रोन दगडासारखा खाली येतो. उपग्रहाधारित ‘घरी परत’ ही सोय लावलेली असेल, तर पुरेसे उपग्रह मिळाल्यावरच मोटारी सुरू कराव्यात, अन्यथा परतण्याचे ठिकाण चुकीचे नोंदले जाते. परतीची उंची आसपासच्या झाडांहून आणि विजेच्या तारांहून अधिक ठेवावी.

पल्ल्याची चाचणीही टप्प्याटप्प्याने घ्यावी. रिमोटची ताकद शंभरपट कमी केल्यास पल्ला एकदशांश होतो. त्या अवस्थेत साठ-सत्तर मीटर चालत जाऊनही दुवा टिकला, तर पूर्ण ताकदीत सहाशे-सातशे मीटरची खात्री धरता येते. पडद्यावर संदेशाची ताकद आणि पोहोचलेल्या संदेशांचे शेकडा प्रमाण, असे दोन्ही आकडे दिसत असावेत. दुसरा आकडा अधिक भरवशाचा. तो सत्तरच्या खाली उतरू लागला, की परत फिरण्याची वेळ झाली, असे समजावे.

नियमांची चौकट

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडविण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते, हे केंद्र सरकारच्या ऑनलाइन नकाशावर पाहता येते. ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे हा या व्यवस्थेचा पाया आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी आणि दोन किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक ड्रोनसाठी चालक प्रमाणपत्राची अट नाही. नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असून सुट्या भागांना मुभा आहे. घरी जुळणी करणाऱ्यांची संख्या वाढण्यामागे हेही एक कारण मानता येईल.

हाताएवढा ड्रोन चारशे-पाचशे मीटरपलीकडे डोळ्यांना ठिपक्याएवढाही दिसेनासा होतो. गॉगल लावलेल्या चालकाला तर आजूबाजूचे काहीच दिसत नाही. त्यामुळे सोबत आकाशाकडे लक्ष ठेवणारा एक जण असलाच पाहिजे. तेरसारख्या ठिकाणी संरक्षित स्मारकांवर ड्रोन नेण्यापूर्वी पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावी लागते. शतकानुशतके उभ्या असलेल्या विटांच्या मंदिरावर अर्ध्या किलोचे यंत्र कोसळले, तर ते नुकसान भरून येणारे नाही. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत आधी सांगून दिवसाउजेडी उडविल्यास २०२४ सारखा गैरसमजही पसरत नाही.

पल्ला कमी पडतो म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी क्रम लक्षात ठेवावा : प्रथम अँटेनांची जोडी व दिशा, मग जमिनीवरील उंची, त्यानंतर संदेशांचा वेग, मग पॅच अँटेना आणि सर्वांत शेवटी ट्रान्समीटरची ताकद. यांतील पहिल्या तीन गोष्टींना जवळपास काहीच खर्च येत नाही आणि बहुतेकांचा प्रश्न तेथेच सुटतो.